दांड्यांखाली दोन बोटं

आमच्या ह्यांना दोन बायका आहेत. एक मी, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी केलेली. दुसरी घोडी, चोवीस वर्षांपूर्वी शिंगरू असताना आणलेली. सकाळी उठल्यावर आधी तिला चंदी मिळते, मग मला चहाचं विचारलं जातं, तेही "झाला का?" असं. माझे गुडघे दुखले की हे म्हणतात, वय झालं आता. घोडीचा पाय लचकला की गरम पाण्याची पिशवी निघते, आणि पिशवी माझी असते. मी तिला सवत म्हणते, हे तिला पोरी म्हणतात. संसार तिघांचा आहे आणि खरं सांगायचं तर वाईट चाललेला नाही.

हे गाडीवान. गाडी दोन चाकांची, एका घोड्याची, सासऱ्यांनी सुताराच्या दारात बसून बनवून घेतलेली. हल्लीच्या लोकांना वाटतं, घोडागाडी म्हणजे फुलं लावून हवा खायला जायचं वाहन. आमच्या गाडीने जन्मभर शेणखत वाहिलं. पेरणीआधी खत भरून शेतात जायचं, घोडीने सहा पावलं चालून आपणहून थांबायचं, ह्यांनी मागून एक ढीग खाली ओढायचा, पुन्हा सहा पावलं. हाक नाही, चाबूक नाही. घोडीला कुठे थांबायचं ते कळत होतं. आमच्या थोरल्या जावयाला अजून बोलताना कळत नाही. खत संपलं की गाडी धुवायची, पुढे-मागे शिड्या बांधायच्या आणि त्याच गाडीतून वाळलेलं गवत आणायचं. खालून हे दाताळ्याने गवत द्यायचे, वर उभी राहून मी रचायची. मग बटाटे, मग गिरणीची पोती, थंडीत नदीकाठचे दगड आणि लाकूडफाटा. ट्रॅक्टर आले तरी ज्यांची शेतं उतारावर आणि वाट चिंचोळी, ते आमच्याच दारात यायचे.

ह्या गाडीत एक मेख आहे. चार चाकांच्या गाडीत माल कसाही फेका, चाकं झेलतात. दोन चाकांच्या गाडीचा तोल घोड्याच्या अंगावर असतो. भार पुढे जास्त झाला की दांड्या त्याच्या पाठीवर बसतात. मागे जास्त झाला की दांड्या वर उठतात आणि पोटाखालचा पट्टा जनावराला वर उचलतो, त्याचा श्वास कोंडतो. म्हणून माल भरून झाला की हे दांड्यांखाली दोन बोटं घालायचे. दोन बोटांवर दांडी तरंगली तर निघायचं. जड लागली तर दोन पोती मागे, आपोआप वर आली तर दोन पोती पुढे. चढ लागणार असेल तर भार आधीच आणखी पुढे सरकवायचा, कारण चढावर सगळं मागे ओढतं. पन्नास वर्षांत ह्यांची गाडी एकदाही कलंडली नाही, आणि ह्यांच्या एकाही घोड्याच्या अंगावर वळ उठला नाही. दिसायला बेताचे, शिक्षण चौथी, पोहता येत नाही, गाणं म्हणायला लागले तर शेजारी खिडक्या लावतात. गर्व म्हणून ह्यांच्याकडे काय ते एवढंच.

गेल्या वर्षी आमची वस्ती नगरपालिकेच्या हद्दीत गेली. म्हणजे वस्ती होती तिथेच राहिली, कागद हलले. लगेच आरोग्य निरीक्षक नाकाला रुमाल लावून आले आणि नोटीस देऊन गेले. हद्दीत घोडा पाळायला मनाई. तीन महिन्यांत हलवा, नाहीतर जनावर कोंडवाड्यात जमा होईल आणि तिथून लिलावात. चोवीस वर्षांच्या घोडीला लिलावात कोण घेतं हे शेंबडं पोरही सांगेल. तिच्यावर बसायला कोणी घेत नाही, तिला कापायला घेतात.

आम्ही नातेवाइकांना विचारलं. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते. दिरांनी "बघतो" म्हणून सांगितलं, म्हणजे विषय संपला. भाच्याने घोडीचा फोटो मागवला आणि त्याला अंगठा दाखवून मोकळा झाला. ह्यांनी खाणं सोडलं. खरारा करताना तासभर घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे, आणि मी खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करायची.

अशात वारसा समिती आमच्या दारात आली.

गावच्या जुन्या धान्यकोठारात म्हणे जुन्या शेतीचं संग्रहालय होणार होतं. समितीचे अध्यक्ष म्हणजे चाळीस वर्षं ट्रॅक्टरची एजन्सी चालवलेला माणूस. ज्याने घरोघर फिरून घोडे विकायला लावले, त्यालाच आता घोड्याच्या आठवणीने गहिवरून येत होतं. त्यांच्यासोबत एक तज्ज्ञ. त्या तज्ज्ञांनी घोडागाडीवर पाचशे पानांचा प्रबंध लिहिला होता आणि त्यावर पदवीही मिळवली होती. आमच्या अंगणात आले तेव्हा घोडीपासून दहा हात लांब उभे राहिले आणि विचारलं, "ही चावते का?" उंटावरचे शहाणे ऐकून माहीत होते, पण हे गृहस्थ उंटावरूनही उतरायला तयार नव्हते. मी त्यांचं नाव उंटवाले ठेवलं.

अध्यक्षांनी हात जोडून बोलणी केली. "काका, तुमची गाडी संग्रहालयाला द्या. घोडीला आम्ही सांभाळतो. मागच्या बाजूला शेड आहे, हद्दीच्या बाहेर पडते ती. चारा, चंदी, नाल, डॉक्टर, सगळं समितीचं. मरेपर्यंत. जिवंत वारसा म्हणून."

"लिहून द्याल?" मी विचारलं.

"उद्घाटन झालं की लगेच पत्र काढतो, काकू. मोठे साहेब येणार आहेत. त्यांची एक फेरी काढायची गाडीतून, बस. साहेब खूश तर सगळं झालंच म्हणून समजा."

ह्यांनी गाडीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. घोडीच्या कागदाची वाट बघायची होती. म्हणजे आमचं देणं रोख आणि त्यांचं उधार, हे मला कळत होतं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. इथे तर गाढवं दोन होती आणि पाय आठ.

मग उंटवाल्यांनी माहिती गोळा करायला सुरुवात केली. हातात वही, कानाला यंत्र. गाडी अंगणात सोडलेली होती, दांड्या वर करून, जशी रोज असते.

"काका, दांड्या आभाळाकडे करून का ठेवतात?"

"जागा कमी लागते," हे म्हणाले.

"त्यामागे काही भावना?"

"पावसाचं पाणी निथळून जातं. आणि येता-जाता कोणी अडखळून पडत नाही."

उंटवाल्यांनी मान हलवली, बराच वेळ लिहिलं. पंधरा दिवसांनी संग्रहालयात पाटी लागली. 'काम संपल्यावर गाडीच्या दांड्या आकाशाकडे उंचावल्या जात. कष्टकऱ्याने निसर्गाला केलेलं हे मूक वंदन होय.'

गाडीच्या मागे लोंबणारा दांडका म्हणजे टेकण. चढावर दम खायला थांबलं की ते जमिनीत रुततं आणि गाडी मागे घसरत नाही. त्याखाली पाटी होती, 'चोरांपासून संरक्षणासाठीचे शस्त्र'. सगळ्यात कहर दोन बोटांचा. 'प्रवासास निघण्यापूर्वी गाडीवान दोन बोटांनी दांड्यांना स्पर्श करून यशाची प्रार्थना करी.'

हे ती पाटी वाचून लाल झाले. "अहो साहेब, प्रार्थना नाही ती. वजन बघतो आम्ही. तोल चुकला तर जनावर..."

"काका, तोंडी माहितीत असं होतं," उंटवाले मायेने म्हणाले. "करणाऱ्याला स्वतःच्या कृतीचा अर्थ माहीत नसतो. त्यासाठी अभ्यास लागतो."

ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं तेवढ्यात मी ह्यांच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

घरी येताना हे म्हणाले, "खोटं लिहितात गं."

"लिहू दे. पाटीने घोडी मरत नाही, लिलावाने मरते. पत्र हातात पडेपर्यंत तोंडाला कुलूप लावा."

"पन्नास वर्षं केलं ते..."

"कुलूप!" मी म्हटलं.

आणि हे ऐकत गेले. ह्या माणसाने माझं कधी ऐकलं नव्हतं, ते नको तेव्हा ऐकलं. समितीने गाडीला लखलखीत तेलरंग दिला, हे गप्प. चाकांच्या लोखंडी धावांवर रबर चढवलं, का तर नव्या फरशीवर चरे पडतात, हे गप्प. आसाला वंगण घालायचं कोणाच्या मनात आलं नाही, आरे मात्र तीन रंगांत रंगवले. गाडीच्या पुढच्या भागात बसायची फळी होती ती काढून टाकली, तिथे फुलांची आरास होणार होती. मागच्या टोकाला चौथरा ठोकला आणि त्यावर खुर्ची. लोकांना साहेब दिसले पाहिजेत, आणि मागे बसले की चारी बाजूंनी फोटो चांगले येतात. ते बघून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दंडाकडे हात नेला. हे गप्प.

उद्घाटनाच्या दिवशी मला सकाळी आठला बोलावलं. जुन्या काळची शेतकरीण म्हणून घोडीच्या पुढे चालायचं होतं. मी चाळीस वर्षं ज्या कपड्यांत शेतात राबले तेच घालून गेले. अध्यक्षांच्या सूनबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही शेतकरीण वाटत नाही हो." मग मला तपकिरी कापड गुंडाळलं, गालांवर काळं फासलं आणि डोक्यावर प्लास्टिकच्या मुळ्यांची टोपली दिली. हातात विळाही द्यायचा होता. संग्रहालयाचा विळा गंजून मोडला होता, म्हणून मी घरचा आणला. तेवढी एक वस्तू त्या सगळ्या थाटात खरी होती, आणि धारेची होती.

घोडीला ह्यांनी पहाटेपासून खरारा करून आरशासारखी केली होती. तिच्या खोगिराचा एक टाका उसवला होता, तो रात्रीच शिवून ठेवला होता. जुंपताना ती ह्यांच्या खांद्यावर तोंड घासत होती. मला वाटलं, चला, आजचा दिवस निघाला की सवतीची सोय लागली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गालावरचं काळं ओघळलं, तर सूनबाई म्हणाल्या, "वा, आता वाटता!"

मोठे साहेब अकराला येणार होते, एकला आले. माणूस नावाप्रमाणे मोठा होता. त्यांना चौथऱ्यावर चढवायला चार जण लागले. साहेब खुर्चीत बसले, त्यांच्या उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे साहेबांचे सचिव, पायाशी अध्यक्षांची बायको. खोगीरभरती म्हणून आणखी दोन समिती सदस्य चढले. मागच्या फळीला धरून उभे राहिले. गाडीच्या पुढच्या भागात झेंडूची फुलं आणि पाच भोपळे. भोपळेही आतून पोकळ, कागदाचे, रंगवलेले. म्हणजे वजनदार माणसं मागे आणि कागद पुढे. समितीचा कारभार जसा होता तशीच गाडी भरली होती.

ह्यांनी दांड्यांखाली दोन बोटं घालायला हात नेला. बोटं लागायच्या आधीच दांड्या वर आल्या. पोटपट्टा ताणला गेला आणि घोडीने मान झटकली.

"साहेब," हे उंटवाल्यांना हळूच म्हणाले, "दोघांना तरी पुढे यावं लागेल. भार मागे झालाय."

फोटो काढणाऱ्याने ओरडून विचारलं, "हे काय करतायत?"

"प्रार्थना," उंटवाले म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "काका, कोण कुठे बसणार ते वरून ठरून आलंय. मी काय साहेबांना सांगू, उठा म्हणून?"

"मग मी सांगतो."

अध्यक्ष वरून वाकले. तोंडावर हसू तसंच ठेवून म्हणाले, "काका, घोडीचं पत्र माझ्या खिशात आहे. सहीचं बाकी आहे. निघूया का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, टोपलीखालून, मान हलवली. निघा.

ती मान मी हलवली, दुसऱ्या कोणी नाही. आजही झोपताना आठवतं तेव्हा मला माझीच लाज वाटते.

हे काय करतात ते मी पाहिलं. लगाम सोडून हे दांडीला लोंबकळले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सगळं वजन दांडीवर टाकून, अर्धा चालत अर्धा लटकत निघाला, पट्टा घोडीला काचू नये म्हणून. लोकांना वाटलं ही पण जुनी पद्धत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बँड वाजायला लागला. उंटवाले ध्वनिक्षेपकावरून सांगत होते, "पाहा, गाडीवान आणि गाडी यांचं हे एकरूप होणं!"

सपाटीवर निभलं. पण कोठाराच्या दारासमोर समितीने नवा सिमेंटचा चढ बांधला होता, साहेबांची मोटार थेट वर जावी म्हणून. मोटारीला तो चढ काहीच नव्हता. घोडी त्यावर चढली, गाडी कलली, आणि सहा माणसांचं वजन मागे गेलं. ह्यांचे पाय जमिनीवरून सुटले. हे हवेत, दांडीला धरून. टेकणाने गाडी अडली असती, पण ते संरक्षणाचं शस्त्र आत काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ह्यांनी कसेबसे पाय टेकवून बांधकामाची उरलेली एक वीट लाथेने चाकामागे सारली. गाडी थांबली. पण पट्टा सैल होईना. घोडीचे पुढचे खूर जमिनीला फक्त टोकाने लागत होते. तोंड उघडं, डोळे बाहेर, आणि श्वास नाही. चोवीस वर्षांत मी तिला फुरफुरताना ऐकलं, खिंकाळताना ऐकलं, चंदी उशिरा मिळाली की लाथांनी फळी वाजवताना ऐकलं. तेव्हा ती काहीच आवाज करत नव्हती.

"पोज घ्या, पोज!" फोटो काढणारा ओरडला. साहेबांनी हात उंचावला.

हे दांडीला लोंबकळून माझ्याकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. मीच लावलेलं कुलूप ते, आणि हा माणूस ते घोडीसाठी पाळत होता, आणि घोडी त्याच्यासमोर मरत होती.

मी मुळ्यांची टोपली फेकली. ती कोणाला लागली ते मला माहीत नाही. लागली असेल तर बरं झालं. "अहो, सोडा दांडी! बाजूला व्हा!" मी ओरडले. घोडीच्या छातीपासून गाडीला जोडलेल्या दोन्ही साखळ्या काढल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा हात आहे, दोन झटक्यांत निघाल्या. पट्ट्याचं बक्कल तणावाने निघणं शक्य नव्हतं. मी घोडीच्या पोटाखाली विळा घातला आणि पट्टा कापला.

दांड्या सपकन वर गेल्या, आभाळाकडे, मूक वंदनाला. गाडीचं मागचं टोक धाडकन जमिनीवर आलं. आणि पन्नास वर्षं त्या गाडीतून शेणखत जसं उतरत आलं तसे सगळे उतरले. आधी उभे असलेले दोघे, मग सचिव, मग अध्यक्ष, अध्यक्षांची बायको त्यांच्यावर, मग खुर्ची आणि खुर्चीसकट साहेब. वरून झेंडू आणि पाच भोपळे. बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं कधी थांबायचं, ते वाजवत राहिले.

कोणाला विशेष लागलं नाही. साहेबांची पँट मागून उसवली आणि सचिवांचा चष्मा फुटला. घोडी चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली, खोकली, तिच्या बरगड्या हलायला लागल्या. हे तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. गर्दीतले निम्मे लोक हसत होते आणि सगळे मोबाइलवर टिपून घेत होते. संध्याकाळपर्यंत साहेबांची घसरण सगळ्यांनी पाहिली होती. आमच्या लेकीने तिसऱ्या मजल्यावरून फोन केला, "आई, ती विळेवाली तू आहेस का गं?"

मला वाटलं सगळं संपलं. नोटिशीचे बारा दिवस उरले होते.

आठव्या दिवशी अध्यक्ष आणि उंटवाले पुन्हा आमच्या दारात. अध्यक्षांच्या हाताला पट्टी होती आणि तोंडावर हसू नव्हतं. साहेबांच्या कचेरीतून विचारणा आली होती, जबाबदार कोण. कोणाला तरी जबाबदार असणं भाग होतं. उंटवाल्यांनी चौकशी करून तीन पानांचा अहवाल लिहिला होता, शेवटची ओळ त्यांनी वाचून दाखवली. "सदर घटना गाडीवानाने भाराची चुकीची विभागणी केल्यामुळे घडली."

मी हातातलं भांडं आपटलं. "ह्यांनी? ह्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं? तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, भार मागे झालाय म्हणून!"

"तोंडी," उंटवाले म्हणाले.

अध्यक्षांनी खिशातून दोन कागद काढले आणि ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवले. एक घोडीचं पत्र, शेड, चारा, मरेपर्यंत, खाली सही-शिक्का. दुसरा माफीनामा. 'मी, गाडीवान, कबूल करतो की गाडीत भार कसा ठेवावा याचे मला पुरेसे ज्ञान नव्हते.' ह्यावर सही झाली की तो कागद त्यांचा आणि पहिला आमचा.

"पट्टा मी कापला," मी म्हटलं. "मी कापला, सगळ्या जगाने बघितलं. माझी सही घ्या. काय हवं ते लिहा, बाई वेडी आहे लिहा. आणा इकडे."

"काकू, तुमच्या सहीला काय अर्थ आहे?" अध्यक्ष म्हणाले. "तज्ज्ञ माणसाची सही पाहिजे."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणी ह्यांना तज्ज्ञ म्हटलं ते असं.

ह्यांनी तो कागद दोनदा वाचला. चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचतो. 'पुरेसे ज्ञान' ह्या शब्दांवर बोट थोडं थांबलं. मी ह्यांच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, नका करू, फाडा, तोंडावर फेका, मी नाही ह्या वेळी चिमटा काढणार. मागे गोठ्यात घोडीने फळीला लाथ मारली. चंदीची वेळ झाली होती.

"पेन आहे का?" ह्यांनी विचारलं.

आता घोडी संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये असते. चारा वेळेवर येतो, नालबंद महिन्याला येतो, नाव ठेवायला जागा नाही. आत मुख्य दालनात आमची गाडी आहे. तिला फायबरचा पांढरा घोडा जुंपला आहे, आणि त्याच्या गळ्यातला जुंपणीचा पट्टा उलटा घातला आहे. तो माझ्या ह्यांना रोज दिसतो. शेजारी भिंतीवर, प्लास्टिकमध्ये बंद करून, माफीनामा लावला आहे, अक्षरं मोठी करून. साहेबांची ती घसरण बघून लोक गाडी बघायला येतात, तेव्हा त्यांना कारण समजलं पाहिजे असं समितीचं म्हणणं पडलं.

लोक तो वाचतात आणि मागे शेडकडे येतात, घोडी बघायला. तिथे हे खरारा करत असतात. त्यासाठी कोणी नेमलेलं नाही, आपले जातात. परवा मी डबा घेऊन गेले होते. ह्यांच्याच वयाचा एक म्हातारा उभा होता, हातांवरून शेतकरी वाटत होता. आतलं वाचून आला होता.

"तो गाडीवान तुम्हीच का?" त्याने विचारलं.

"हो," हे म्हणाले.

"अहो, पन्नास वर्षं गाडी हाकली म्हणता, आणि दोन चाकांच्या गाडीत भार कुठे टाकायचा एवढं कळलं नाही?"

मी डबा खाली ठेवला. तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी, माझ्याकडे न बघता, माझ्या दंडावर हात ठेवला. घोडी चंदी खात होती. तिच्या बरगड्या नीट वर-खाली होत होत्या.

"नाही कळलं," हे म्हणाले, आणि खरारा मानेवरून पाठीकडे नेला.

म्हातारा मान हलवत गेला. मी ह्यांना म्हटलं, "अहो, तो तुमच्यातला होता. त्याला तरी खरं सांगायचं." हे खरारा झटकून घोडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. अठ्ठेचाळीस वर्षांत ह्या माणसाला खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आता रोज बोलतात, जो येईल त्याच्याशी, दहा ते पाच. सोमवारी संग्रहालय बंद असतं.